दहा तास उशिरा आलेलं वादळ

बर्फाच्या वादळांवर मी नऊ वर्षं पोट भरलं, आणि त्यातलं एकही वादळ मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझं ऑफिस होतं सिंगापूरला, तंजोंग पगारमध्ये, अठराव्या मजल्यावर. खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर, बाहेर बारा महिने घाम. शाल लागायची ती फक्त एसीमुळे. कोणी विचारलं, "काय करता?" तर मी सांगायचे, "जहाजांना हवामान सांगते." समोरचा माणूस लगेच म्हणायचा, "हो का? मग उद्या पाऊस आहे का हो?" उद्याच्या पावसाचं मला काही माहीत नसायचं. फेब्रुवारीत जपानच्या उत्तरेला काय होणार आहे, ते मात्र विचारा.

पुण्यात हवामानशास्त्रात एम.एस्सी. केलं, लग्नानंतर मिलिंदबरोबर सिंगापूरला आले. तो आयटीतला. दोन वर्षं घरी बसल्यावर एका छोट्या कंपनीत लागले. काम सरळ होतं. जहाज बंदरातून निघायच्या आधी आणि वाटेत रोज एकदा आम्ही कप्तानाला मेल पाठवायचो: पुढे वारा किती, लाटा किती, कुठून गेलात तर कमी त्रास होईल. शेवटची ओळ ठरलेली असायची, की अंतिम निर्णय कप्तानाचा. ही ओळ आमच्या बचावासाठी होती असं सगळ्यांना वाटायचं. मला ती कधी आवडली नाही, पण ती खरी होती.

माझ्या वाट्याला आला उत्तरेचा पट्टा. सैबेरियाचा किनारा, साखालिन बेट, होक्काइडो आणि त्यांच्यामधलं पाणी. तिथला हिवाळा संपत येतो तेव्हा सगळ्यात वाईट होतो. फेब्रुवारीच्या शेवटी दक्षिणेकडून जरा ऊब सरकायला लागते, सैबेरियातली थंडी मात्र हलत नाही, आणि दोन्ही एकमेकांना भिडल्या की एका दिवसात वादळ उभं राहतं.

पण तिथे जहाजांना लाटांपेक्षा बर्फाची भीती जास्त असते. तरंगत येणाऱ्या बर्फाची नव्हे, जहाजावर चढणाऱ्या बर्फाची. हवा शून्याखाली दहा-बारा अंश, वारा जोराचा. जहाजाचं नाक लाटेत शिरतं, पाण्याचे तुषार उडतात आणि लोखंडाला लागताक्षणी गोठतात. कठड्यावर बोटभर थर, मग मनगटाएवढा, मग मांडीएवढा. हे सगळं वजन वर चढतं. छोटं जहाज वरून जड झालं की एकदा कलंडून परत सरळ होताना जास्त वेळ घेतं, मग आणखी जास्त, आणि मग होतच नाही. उपाय एकच. खलाशांनी लाकडी मोगऱ्या घेऊन डेकवर जायचं आणि तो बर्फ ठोकून ठोकून समुद्रात ढकलायचा.

आमच्या अहवालात या धोक्याच्या तीन पायऱ्या होत्या: हलका, मध्यम, तीव्र. दुसऱ्या वर्षी एका जहाजासाठी मी 'तीव्र' लिहिलं होतं. गोपालन साहेब, आमचे प्रमुख, जन्माने सिंगापूरचेच, सज्जन माणूस. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. म्हणाले, "अनघा, आपण फार घाबरवतो अशी गिऱ्हाइकांची तक्रार आहे. हे मध्यमच्या वरच्या बाजूला बसत नाही का?" आकडे सीमेवर होते. मी विचार केला, साहेबांना वीस वर्षांचा अनुभव आहे. मी शब्द बदलला.

जहाज बुडलं नाही. पण मध्यम म्हटल्यावर कप्तानाने वेग कमी केला नाही, आणि बर्फ ठोकायला गेलेला एक खलाशी निसरड्या डेकवरून घसरून दोरखंड ओढायच्या विंचवर आदळला. कमरेचं हाड मोडलं. त्याला सगळ्यात जवळच्या बंदरात उतरवायला दीड दिवस लागला. इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावरचा होता, एवढंच मला कळलं. नाव मी विचारलं, कोणी सांगितलं नाही. परत बोटीवर जाऊ शकला का, तेही माहीत नाही. चौकशीत आमचं नावही आलं नाही, कारण ती शेवटची ओळ होती ना. त्या दिवसापासून मी ठरवलं की आकडे सीमेवर असले तर वरचा शब्द लिहायचा. गोपालन साहेबांना हे मी तोंडावर सांगितलं. पुढे मात्र ते माझे अहवाल स्वतः वाचल्याशिवाय जाऊ द्यायचे नाहीत.

आता कॅप्टन सुर्व्यांबद्दल. एका सिंगापूरच्या मालकाची चार छोटी मालवाहू जहाजं आमच्याकडे होती. त्यातल्या एकावर हे कप्तान. मी पानभर सल्ला पाठवायचे, त्यांचं उत्तर एका शब्दाचं: "नोटेड." आणि मग नकाशावर बघावं तर जहाज स्वतःच्याच वाटेने चाललेलं. एकदा मी चिडून लिहिलं की सल्ला मानायचा नसेल तर निदान कारण तरी कळवा. दुसऱ्या दिवशी सॅटेलाइट फोन आला. इंग्रजीत सुरुवात झाली, आणि मी नाव सांगितल्यावर पलीकडून थेट मराठी.

"केळकर म्हणजे आपल्याकडच्याच की. बाई, एक विचारू? तुम्ही कधी जहाजावर पाऊल ठेवलंय?"

"नाही."

"तेच म्हटलं. मी दापोलीकडचा. सत्तावीस वर्षं पाण्यावर आहे. तुमची वाट नकाशावर छान दिसते."

"कॅप्टन, परवा तुम्ही तुमच्या वाटेने गेलात. किती तास गमावलेत?"

मग म्हणाले, "सहा."

"माझ्या वाटेने दोन गेले असते."

ते हसले. त्यानंतर उत्तरं दोन-तीन शब्दांची यायला लागली. सल्ला कधी मानायचे, कधी नाही. न मानला तर कारण लिहायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं. लाटा आणि जहाज यांचं नातं मी पुस्तकातून कमी आणि त्या फोनांमधून जास्त शिकले.

हे सगळं दोन हजार पंधराच्या आसपासचं. त्या वर्षी मिलिंदचा प्रोजेक्ट बंद झाला आणि त्याची नोकरी गेली. सिंगापूरमध्ये नोकरी म्हणजे पास, आणि पास म्हणजे राहायची परवानगी. माझ्या कंपनीने माझ्या नावाने पास काढला, आणि यिशुनच्या आमच्या फ्लॅटमधली तीनही माणसं त्या एका पासवर आली. माझी नोकरी गेली असती तर महिनाभरात गाशा गुंडाळावा लागला असता. आमची मुलगी रेवा तेव्हा सेकंडरी थ्रीला, म्हणजे नववीला होती, बोर्डाची परीक्षा पुढच्या वर्षी. एकदा मी तिला म्हटलं, "कदाचित पुण्याला जावं लागेल." ती ताटातून मानही वर न करता सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "कॅनॉट लाह, आई." विषय संपला.

अशा वेळी तो फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला.

सुर्व्यांचं जहाज सैबेरिया आणि साखालिनमधल्या तातार सामुद्रधुनीतल्या एका रशियन बंदरातून ओंडके भरून निघालं होतं. काही पोटात, बाकीचे डेकवर साखळदंडांनी बांधून रचलेले. म्हणजे वजन आधीच वर. जायचं होतं समुद्र ओलांडून जपानच्या पश्चिम किनाऱ्याला. मंगळवारी सकाळी मी नकाशे उघडले आणि शाल बाजूला ठेवली. कोरियाजवळ एक साधा कमी दाबाचा पट्टा होता, पण पुढच्या चोवीस तासांत तो होक्काइडोपर्यंत जाताना भयंकर खोल होणार असं दिसत होतं. त्याच्या पाठोपाठ सैबेरियातून वायव्येचा वारा सुटणार. जहाज तेव्हा बरोबर उघड्या समुद्राच्या मध्यावर असणार. माझ्या हिशेबाने वारा बुधवारी सकाळी सहाला सुटणार होता.

मी 'तीव्र' लिहिलं, आणि सल्ला दिला की पुढे जाऊ नका. मागे फिरा, सैबेरियाचा किनारा गाठा आणि डोंगरांच्या आडोशाच्या खाडीत नांगर टाका.

तासाभरात मिस्टर कोह यांचा फोन आला. मालकाच्या ऑफिसात चारही जहाजांची हालचाल हेच बघायचे. वाईट माणूस नव्हता. जपानमधल्या बंदरात माल उतरवायला गुरुवारचा धक्का महत्प्रयासाने मिळवला होता. तो चुकला तर आठवडाभर बाहेर तिष्ठत राहायचं.

"अनघा, तू जहाजाला परत थंडीत पाठवते आहेस? वादळापासून लांब नेतात, थंडीच्या जवळ नाही."

मी समजावलं. किनाऱ्यालगत हवा जास्त थंड असते हे खरं, पण वारा जमिनीवरून येत असल्याने तिथे लाटा उठायला जागाच नसते. लाट नाही तर तुषार कमी, आणि तुषार कमी तर बर्फ कमी.

"एक शब्द बदल ना. मध्यम लिही. मग कप्तानाचं कप्तान बघेल लाह."

"नाही बदलणार, मिस्टर कोह."

दुपारी सुर्व्यांचा फोन आला.

"बाई, वाचलं तुमचं. इथे आत्ता वाराही नाही. माझ्या हाताखालच्या चीफ मेटला वाटतंय तुमचा कॉम्प्युटर बिघडलाय."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं किनारा सहा तासांवर आहे, आणि एकदा तिकडे वळलो की गुरुवारचा धक्का गेला. खात्री आहे?"

"वाऱ्याची खात्री आहे. वेळेची नाही."

"हे बरं बोललात. वेळेचीही खात्री आहे म्हणाल्या असतात तर मी पुढे गेलो असतो," म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी जहाजाचा ठिपका नकाशावर पश्चिमेला वळला.

बुधवारी सकाळी सहा वाजता मी यिशुनच्या स्टेशनावर होते. मोबाइलवर जहाजाचा निरोप आला: वारा मंद, आकाश निरभ्र. आठला ऑफिसात पोचले तेव्हा तसंच. दहाला तसंच. कोहचे तोवर तीन फोन झाले होते. चौथ्यांदा आवाज चढला. "तुझं वादळ कुठे आहे? माझं जहाज उन्हात नांगर टाकून बसलंय. पिकनिक करताहेत का?"

त्या वेळी मला काय वाटत होतं ते सांगते. मला वाटत होतं, मी चुकले. नवे नकाशे साडेअकराला आले. पट्टा नाहीसा झाला नव्हता. तो वाटेत रेंगाळला होता, आणि रेंगाळताना आणखी खोल झाला होता. म्हणजे वारा उशिरा येणार, पण मी लिहिला होता त्यापेक्षा जोराचा.

बाराच्या सुमारास सुर्वे फोनवर. "बाई, लख्ख ऊन आहे. पोरं डेकवर चहा पितायत. मालकाचा निरोप आलाय, ताबडतोब निघा. काय करू?"

"थांबा."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही. पण निघू नका."

"मग मला हे लेखी द्या. आत्ता. तुमच्या नावाने. माझ्याकडे दाखवायला कागद हवा."

मी लिहायला बसले. गोपालन साहेब मागे येऊन उभे राहिले होते. कोहने त्यांनाही फोन केला होता.

"अनघा, सकाळचा अंदाज चुकला आहे. आता नुसतं इतकंच लिही की परिस्थिती बदलते आहे आणि निर्णय कप्तानाने घ्यावा. तेवढं पुरेल."

"सर, तसं लिहिलं तर ते निघतील."

"तो त्यांचा निर्णय असेल."

"नाही सर. तो आपला असेल. फक्त कागदावर त्यांचा दिसेल."

त्यांनी चष्मा काढून पुसला. फार शांतपणे म्हणाले, "हे पाठवलंस तर माझ्या सल्ल्याविरुद्ध पाठवलंस असं मला नोंदवावं लागेल. आणि हे गिऱ्हाईक गेलं तर वरचे लोक कारण विचारतील. तुझी घरची परिस्थिती मला माहीत आहे."

धमकी नव्हती ती. खरंच काळजीने बोलत होते, त्यामुळे जास्त जड गेलं. मी मिलिंदला फोन करायला बाहेर पॅसेजमध्ये गेले. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वारा येणार का?"

"येणार."

"मग मला कशाला विचारतेस?"

मी परत जागेवर आले आणि मेल पाठवला. 'वादळ लांबलं आहे, टळलेलं नाही. निघू नका. धोका तीव्र.' खाली पूर्ण नाव, अनघा मिलिंद केळकर. नेहमीची शेवटची ओळ मी काढून टाकली होती. ती काढायचा मला अधिकार नव्हता. नऊ वर्षांत तेवढं एकदाच केलं.

दुपारी चार वाजता वारा सुटला. सुर्व्यांचा निरोप इंग्रजीत, तुटक: वायव्य, नऊच्या जोराचा, उणे तेरा, तुषार गोठत आहेत. नऊचा जोर म्हणजे उभा माणूस ढकलला जाईल असा. कोहचा फोन आला नाही. गोपालन साहेबांनी निरोप वाचला, माझ्या टेबलावर स्वतःच्या हाताने कॉफी आणून ठेवली आणि केबिनमध्ये गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा निरोप आला. आडोशाला असूनही पुढच्या भागावर वीतभर बर्फ. जहाज एका बाजूला चार अंश झुकलेलं. सगळे मोगऱ्या घेऊन डेकवर, दर वीस मिनिटांनी माणसं बदलतात, कोणाला इजा नाही. ते शेवटचे तीन शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन कामाला लागले.

पण पुढचा भाग ऐका. नांगर ओढायचं यंत्र बर्फात इतकं घट्ट बसलं होतं की ते मोकळं करण्यात आणखी अर्धा दिवस गेला. धक्का गेला, आठवडा गेला. मालकाच्या ऑफिसने हिशेब मांडला की आमच्या सल्ल्यामुळे जहाज रखडलं, वर अंदाज दहा तासांनी चुकला. उघड्या समुद्रात काय झालं असतं, ते कुठल्याच रकान्यात भरता येत नव्हतं. महिन्याभरात त्यांनी चारही जहाजं दुसऱ्या कंपनीकडे नेली. माझ्या फाइलमध्ये एक पत्र लागलं. गोपालन साहेबांनी ते माझ्यासमोर लिहिलं, आणि नोकरी जाणार नाही इतपत सौम्य लिहिलं, हेही सांगायला हवं. मी सही करताना विचारलं, "खाली माझं म्हणणं लिहू का?" ते म्हणाले, "लिही." मी लिहिलं: पुन्हा असंच करीन.

ते तसंच फाइलमध्ये राहिलं.

त्याच वर्षी जूनमध्ये ते जहाज दुरुस्तीला सेम्बावांगच्या गोदीत आलं. आमच्या घरापासून पुढच्याच स्टेशनाजवळ. सुर्व्यांचा फोन: "बाई, गोदीचा गेटपास काढलाय तुमच्या नावाने. या." पांढऱ्या मिशा, बुटके, पायात स्लिपर. मी मनात सहा फुटांचा माणूस धरला होता. शिडीवर मी एकेक पायरी चाचपत चढत होते आणि ते खालून ओरडत होते, "दोरी धरा, खाली बघू नका!"

पुढच्या टोकाला मला नेलं. लोखंडी कठडा जागोजागी वाकला होता, रंग खवल्यांसारखा उडालेला.

"हे मोगऱ्यांनी झालंय. बर्फ एवढा होता की पोरांना कठडा कुठे आहे ते दिसत नव्हतं. ते लोखंडावरच मारत होते." मी कठड्याला हात लावला. उन्हाने तापलेला, चटकाच बसला. ते म्हणाले, "आडोशाला चार अंश झुकलो. बाहेर असतो तर..." त्यांच्या खलाशांतला एक जण रंगाचा डबा घेऊन तिथून गेला, माझ्याकडे बघून हसला. मी कोण ते त्याला माहीत असायचं कारण नव्हतं.

घरी जेवायला आणलं त्यांना. मिलिंदने भरली वांगी केली होती. नोकरी गेल्यापासून स्वयंपाकात त्याचा हात बसला होता. सुर्वे पोटभर जेवले आणि हात धुताना म्हणाले, "दहा तास चुकलात हं पण."

"चुकले," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आठ."

मिलिंदला पुढे नोकरी लागली, रेवाची परीक्षा सिंगापूरलाच झाली. मी त्याच नोकरीत राहिले. अंदाज पुढेही चुकले. दोनदा 'तीव्र' लिहिलं आणि काहीच झालं नाही. लोक हसले, गिऱ्हाइकं कुरकुरली. मी हसू दिलं. त्या इंडोनेशियन माणसाचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही, ही रुखरुख मात्र आहेच.

पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतच, माझ्या घरच्या ईमेलवर सुर्व्यांचं पत्र आलं. जहाज तेच, बंदर तेच, ओंडके पुन्हा डेकवर. सोबत त्यांच्या नव्या हवामान कंपनीचा अहवाल जोडलेला. खाली एवढंच: 'बाई, यावर तुम्ही काय म्हणता?'

आमच्या नियमाप्रमाणे गिऱ्हाईक नसलेल्याला सल्ला देणं म्हणजे थेट राजीनामा. मी गोपालन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, पत्र त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "सर, मी याला उत्तर देणार आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून आले."

ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग खुर्चीवरून उठले, केबिनचं दार आतून लावून घेतलं आणि आपल्या कॉम्प्युटरवर उत्तरेचा नकाशा उघडला.

"बस," म्हणाले. "दोघं मिळून बघू."